इरण्णा मास्तरांची गुराब

इरण्णा मास्तरांनी माझी ओळख करून घेतली ती माझं जहाज बुडवून. तेही समुद्रात नव्हे, आमच्याच न्हाणीतल्या तांब्याच्या घंगाळात.

मी तेव्हा सोलापुरात नवा वकील होतो. अशिलं थोडी आणि हौस दांडगी, म्हणून आमच्या पेठेतल्या हौशी नाटक मंडळीसाठी मी मराठ्यांच्या आरमारावर एक नाटक लिहिलं होतं. मंडळीचे अध्यक्ष भाऊसाहेब, कापसाचे मोठे अडते. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच इरण्णा मास्तरांकडे धाडलं. मास्तर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे, आणि मंडळीचे पडदे, कमानी, सिंहासनं, सगळं त्यांच्याच हातचं असायचं. मला वाटलं, आता हा माणूस येईल आणि माझी पाठ थोपटेल.

रविवारी सकाळी दारात एक उंच, हाडापेरानं मजबूत गृहस्थ उभा राहिला. डोक्याला रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे, काळ्या कोटाच्या बाहीवर खडूची पूड, आणि काखेत, तान्हं मूल धरावं तसं, एक लाकडी जहाज.

"वकील तुमीच काय?"

"होय. आपण?"

"घंगाळ हाय का मोठं? पानी भरून पायजे."

पांगाऱ्याचं लाकूड कोरून त्यांनी माझं जहाज जसंच्या तसं केलं होतं. मी लिहिले होते तसे तीन मजले, मजल्यामजल्यावर दोन्ही अंगांना तोफा, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, आयाळ पिंजारलेला सिंह, तीन डोलकाठ्या, वर शिडं. तोफांच्या जागी सायकलीचे छर्रे मेणानं चिकटवले होते. मी तर हरखूनच गेलो. मास्तरांनी जहाज अलगद पाण्यावर ठेवलं. ते क्षणभर उभं राहिलं, मग हळूच कुशीवर झालं आणि बघता बघता पालथं पडलं. सिंह पाण्याखाली, तळ वर, आणि छर्रे घंगाळात खुळखुळतायत!

"नोडु," मास्तर कानडीत म्हणाले, "बघ, बुडालं तुझं जहाज."

दारात 'तुमी' म्हणणारा माणूस न्हाणीत 'तू'वर आला होता. पुढे आयुष्यभर तो तिथंच राहिला.

मला राग आला. येणारच! माझं लग्न झाल्यापासून माझ्या घरात माझा असा पाणउतारा कुणी केला नव्हता, आणि बायको दारातून बघत होती. मी म्हटलं, "अहो मास्तर, हे नाटक आहे. इथं कुठं पाण्यात सोडायचंय?" मास्तरांनी ऐकलंच नाही. त्यांनी जहाजाच्या पोटात खडे भरले आणि पुन्हा सोडलं. आता ते उभं राहिलं, पण असं खोल बसलं की खालच्या मजल्याच्या तोफांना पाणी लागलं. "आता उलटत न्हाई," मास्तर म्हणाले. "पण तुझ्या तिसऱ्या अंकात ह्ये खाडीत शिरतंय. येवढं खोल बसणारं जहाज खाडीत शिरतंय व्हय? खाडी म्हंजे काय इहीर वाटली तुला? बरं, बूड रुंद करू. मग उलटत बी न्हाई, बुडत बी न्हाई. पण पळत बी न्हाई. तू तर लिवलंयस, वाऱ्याच्या वेगानं सुटलं म्हणून!"

"मग करू काय मी?" मी ओरडलो.

"सोड की कायतरी. तोफा पायजेत, का पळ पायजे, का उथळ पानी पायजे? तिन्ही एका जहाजात मावत न्हाईत, एनप्पा. घेतलं काय ते दिसतंय. सोडलं काय ते सांग."

हे त्यांचं पालुपद होतं. शेजाऱ्यानं नवं घर दाखवायला नेलं की सगळे खिडक्या-दारं वाखाणायचे आणि मास्तर विचारायचे, "झ्याक. सोडलं काय?" मग शेजारी खजील होऊन सांगायचा की माडीवर जायला जिना परसातून आहे. वर्गात एका पोरानं पंख असलेला वाघ काढला. दुसऱ्या कुणी मास्तरनं छडी उगारली असती. आमच्या मास्तरांनी त्याच्यापुढे बसून गंभीरपणे विचारलं, "पंख दिलेस, चांगलं केलंस. आता हे पंख हालवायला छातीत मांस पायजे, ते कुटनं आणणार? मागचे पाय बारीक करतोस का?" पोरगं तासभर वाघाचे पाय बारीक करत बसलं. मास्तरांना कल्पनेचं वावडं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. कल्पनेनंही आपली किंमत मोजावी, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

आणि नम्र वगैरे ते मुळीच नव्हते हो! मिशीला रोज तूप लावायचे. स्वतः रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहून, "कोण रं ह्यो चितारी? हात धुऊन पानी प्यावं असा हात हाय!" असं स्वतःच म्हणायचे. एकदा फौजदार परवानगीसाठी नाटक चाळायला आला आणि त्यानं आवाज चढवून विचारलं, "यातले हे टोपीकर कोण?" आमची सगळ्यांची बोबडी वळली. मास्तर शांतपणे म्हणाले, "पोर्तुगीज. का वो, सायेबाला टोपी लागली का?" फौजदार हसला म्हणून बरं, नाहीतर मंडळीचा पडदा त्याच दिवशी कायमचा पडला असता.

घंगाळाच्या त्या प्रकरणानंतर आम्ही वाचनालयात जायला लागलो. भांडत जायचो आणि भांडत यायचो. जुन्या आरमाराबद्दल मिळेल ते मास्तर वाचायचे आणि शाळेच्या फळ्यावर काढायचे. तिथंच मला पहिल्यांदा आपली गुराब, म्हणजे मराठ्यांचं लढाऊ जहाज, नीट समजली. बुटकी, उथळ बुडाची. नाळ लांब पुढे काढलेली आणि उघडी, म्हणजे लाट आत आली तर तशीच बाहेर वाहून जावी. नाळेच्या मागे दोन मोठ्या तोफा, तोंड सरळ पुढे. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं पुढे येऊन तिला दोर लावून ओढायची. टोपीकरांच्या जहाजाला कुशीला तोफांच्या रांगा, पोट खोल, दर्यात डोंगरासारखं घट्ट. पण वारा गेला की ठोकळा, आणि उथळ पाण्यात तर त्याची हिंमतच नाही.

"म्हणजे आपली श्रेष्ठ!" मी म्हटलं.

"कोण म्हनतंय?" मास्तर खेकसले. "भर दर्यात वादळ आलं तर आपली रडंल. समोरासमोर कूस लावून उभी ऱ्हायली तर भुगा व्हईल तिचा. आपल्या मानसांनी ते सोडलं. खाडी घेतली, किनारा घेतला, मागनं जाऊन हानायचं घेतलं. कळून सवरून सोडलंय, वकील! त्याचा अभिमान धर की. तीन मजल्याचा अभिमान कशाला? आपल्या आज्यापंज्यांनी जे केलंच न्हाई त्याची शाबासकी त्यास्नी कशाला देतोस?"

माझा राग गेला नव्हता, पण त्या वाक्यानं मला ताठ उभं केलं, हे खरंच सांगतो.

त्याच सुमारास बाहेरगावची एक बडी नाटक कंपनी सोलापुरात येऊन गेली. बोलपट सुरू झाले होते, त्यामुळे प्रेक्षक ओढायला कंपन्या काय वाट्टेल ते रंगभूमीवर आणत. यांनी जहाज आणलं. काय त्याचा थाट! कमानीला टेकेल एवढं उंच, सोनेरी सिंह, तोफांतून धूर, तीन मजल्यांवर मावळे. सोलापूर वेडं झालं. रिक्षा तेव्हा नव्हत्या, पण टांगेवालेसुद्धा त्या जहाजाच्या गोष्टी सांगत होते. भाऊसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी तालमीच्या जागेत सभा भरवली. "मास्तर, आपलं याहून मोठं पाहिजे. चार मजली करा. खर्चाचं माझ्याकडे लागलं."

मास्तर उठून उभे राहिले. तो चेहरा मी विसरणार नाही.

"भाऊसाहेब, या मंडळीत मी मिसरूड फुटल्यापास्नं हाय. बायकोपरीस जास्त दिवस मी हितं काढलेत, ती बी म्हनती. पन आज शब्द देतो. रंगमंचावर मी आनीन ते जहाज पान्यात तरंगंल असंच आसंल. खोटं जहाज माझ्या हातनं गेलं तर त्या दिवशी मी मंडळी सोडीन."

आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की मास्तरांना मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की ते तालमीच्या जागेत येत, रंग कालवत, कुणाची तरी उलटतपासणी घेत. मंडळी सोडली तर या माणसाचं उरणार काय? भाऊसाहेब नुसते "बरं, बरं" म्हणाले.

मग कंबर तलावावर प्रयोग सुरू झाले. दुपारचा वारा सुटला की मास्तर धोतराचा काचा मारून कमरेइतक्या पाण्यात उभे, आणि मी काठावर छत्री घेऊन. धोबी कपडे बडवायचे थांबून आम्हाला बघायचे. माझं जहाज, खडे भरलेलं, दिमाखात यायचं आणि काठापासून लांब गाळात अडकायचं. मास्तरांनी नव्यानं कोरलेली गुराब डुगडुगत यायची, नाळेवरून पाणी घ्यायची, पाणी सांडायची, आणि थेट काठाच्या गवतात येऊन तोंड खुपसायची. प्रत्येक वेळी मास्तर मागं वळून असे बघायचे की जणू त्यांच्या पोटची पोर परीक्षेत पास झाली.

पण नाटक मेलं. हे मी वकिली बाण्यानं ठणकावून सांगितलं. "मास्तर, तुमची गुराब उथळ खाडीत लपली. टोपीकराचं जहाज खोल पाण्यात, बाहेर उभं. ते आत येऊ शकत नाही, ही बाहेर येऊ शकत नाही. तिसऱ्या अंकात लोकांनी काय जांभया द्यायच्या?"

आमच्या ओसरीवर बसून मास्तर मिशी चावत राहिले. तेवढ्यात आमची मंडळी, म्हणजे माझी बायको यमुना, चहा घेऊन आली. तिचं माहेर तळकोकणात, अगदी खाडीच्या काठावर. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि ओहोटी लागली की काय करतात हे तुमचे लोक?"

"काय लागली की?" मास्तर म्हणाले.

"ओहोटी हो. पाणी जातं ना खाडीतलं."

"जातं म्हंजे? कुटं जातं?"

"समुद्रात!"

"आनी परत?"

"परत येतं की. दिवसातून दोनदा येतं नि दोनदा जातं. बाई बाई, आरमाराचं नाटक लिहिताय नि ओहोटी मेली ठाऊक नाही?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी मास्तरांकडे. घंगाळातलं पाणी हलत नाही, कंबर तलावातलं हलत नाही. आमच्या सोलापुरात पाणी एकदा गेलं म्हणजे आषाढ उजाडेपर्यंत तोंड दाखवत नाही. रोज उठून पाणी जातं आणि रोज परत येतं, हे आम्ही पुस्तकात वाचलंही असेल, पण गळी कधी उतरलं नव्हतं. मी तर सासुरवाडीला जाऊन आलो होतो. आता जावई म्हणून आमरस चापून दुपारी झोपलो तर भरती-ओहोटी दिसणार कशी?

मास्तर उठले आणि त्यांनी यमुनेला चक्क वाकून नमस्कार केला. "वहिनी, बसा. सगळं सांगा. मोठं जहाज खाडीत शिरलं आनी पानी गेलं तर?"

"कलंडतं. कुशीवर पडतं."

"म्हंजे एका अंगाच्या तोफा आभाळाकडं!"

"आणि दुसऱ्या अंगाच्या चिखलात," मी ओरडलो. ओरडलोच!

"आनी उथळ बुडाचं?"

"ते बसतं चिखलात. पाणी आलं की उठतं."

"आधी कोन उठंल?" मास्तरांनी चहाची कपबशी बाजूला सारली. "थोडं पानी आल्यावर आधी कोन उठंल, वहिनी?"

"हलकं असेल ते. हे काय विचारणं?"

त्या संध्याकाळी तिसरा अंक जन्माला आला. टोपीकराचा गर्विष्ठ कप्तान भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन गुराबेच्या पाठलागात खाडीत शिरतो. ओहोटी लागते. तो कलंडतो. गुराब चिखलात बसून वाट पाहते. पाणी चढू लागतं, ती आधी उठते, गलबतं तिला ओढून त्याच्या पिछाडीला आणतात, आणि तिच्या नाळेच्या दोन तोफा बोलतात. सोडलेलं सगळं त्या एका घटकेत कामाला येतं. यमुनेचा हात यात निम्मा होता, हे मास्तर चारचौघांत छाती काढून सांगत. मीही सांगत असे, जरा कमी आवाजात.

पहिला खेळ संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत लागला. दिवेलागणीलाच मैदान भरलं. करकंब, मोडनिंबकडनं गाड्या आल्या होत्या. पुढे सतरंज्यांवर गिरणीतली माणसं, एका अंगाला बायका. टोपीकर कप्तान मीच होतो, कारण मंडळीत त्यातल्या त्यात गोरा मी. उरलेलं काम पिठानं केलं. निळ्या रंगात बुडवलेल्या मांजरपाटाचे लांब पट्टे दोन्ही बाजूंनी माणसं हलवत होती. तोच आमचा समुद्र.

गुराब आली आणि लोक हसले. "अगं बया, ह्ये जहाज? ही तर होडी हाय की!" कुणीतरी शीळ घातली. मी माझ्या उंच जहाजावरून बघत होतो. विंगेत मास्तर उभे होते, दोन्ही हातांनी खांब धरून. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोललो. खोटं कशाला बोलू, मी स्वतःसाठी नाही बोललो.

मग तिसऱ्या अंकात समुद्र उतरू लागला. पट्टे धरणारी माणसं एक एक वीत खाली बसत गेली. आधी लोकांना समजेना. मग माझं जहाज बुडाशी बसवलेल्या खिळीवर कलू लागलं. मी डोलकाठीला मिठी मारली, माझी टोपी घरंगळत गेली, एका अंगाच्या तोफा आभाळाकडे झाल्या, आणि मागच्या बाजूनं एक शेतकरी ताडकन उठून ओरडला, "आरं रुतलं! रुतलं की रं! वड्यात भरलेली गाडी रुतती तसं रुतलं!"

झालं! अख्खं मैदान उठलं. सोलापूरच्या माणसानं समुद्र कुठं पाहिलाय? पण लादलेली गाडी ओढ्याच्या गाळात बसते आणि रिकामी गाडी बाजूनं निघून जाते, हे त्याच्या हाडात भिनलेलं आहे. पाणी चढलं, गुराब आधी हलली, तशी माणसं "व्हय! व्हय! उठली!" म्हणून ओरडायला लागली. तोफा उडाल्या त्या तर कुणाला ऐकूही गेल्या नाहीत. मी मेलो तेव्हा माझ्या मरणाला एवढ्या टाळ्या पडल्या की मी दोनदा मेलो.

मास्तर आठवडाभर पेठेतून चालत नव्हते, तरंगत होते. मिशीला तूप दुप्पट लागत असणार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यमुना माहेरी निघाली तेव्हा म्हणाली, "मास्तर, चला, तुम्हाला समुद्र दाखवते." मास्तर आढेवेढे घेऊ लागले. ज्याच्या नावावर एवढी ख्याती मिळवली त्याच्यासमोर उभं राहायची त्यांना धास्ती वाटत होती. शेवटी आले. घाट उतरून, मोटारीत ओकून, आले.

समुद्र बघून ते पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "येवढं पानी, आनी आपन घंगाळात भांडत हुतो." दुसऱ्या दिवशी मात्र समुद्राकडे पाठ करून ते खाडीवर जाऊन बसले. ओहोटी लागली होती. आम्ही तिथं पोचलो तेव्हा मास्तरांचा चेहरा राख झाला होता. समोर चिखलात एक मचवा उभा होता, आणि त्याच्या दोन्ही कुशींना लाकडाचे जाड टेकू लावले होते.

"वहिनी, ह्ये काय?"

"टेकू हो. ते लावले नाहीत तर मचवा कलंडेल की." आणि मग तिनं जीभ चावली. "अगबाई! हे सांगायचं राहिलंच. आमच्याकडे ते इतकं रोजचं..."

"तुमचा दोष न्हाई. विचारायचं मी. मला वाटलं, चपटं बूड हाय, ताठ बसंल. तसंच बसवलं मी." त्यांनी एक टेकू हातानं हलवून बघितला. "खोटं जहाज दावलं मी, वकील."

मी परतीच्या सबंध वाटेवर भांडलो. अहो, दोन लाकडांचं काय ते! सोलापुरात कोण विचारणार? बूड चपटं, तोफा बरोबर, ओहोटी बरोबर, आणि लोकांनी डोक्यावर घेतलंय! कोर्टात मी कधी बाजू मांडली नाही इतक्या पोटतिडकीनं मांडली. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. होटगीला गाडी थांबली तेव्हा एवढंच म्हणाले, "शब्द मी मंडळीत दिलता. पन फसवलं मी गड्ड्यावरल्या मानसांना. तितंच बोलीन."

पुढच्या गड्ड्याला तेच नाटक लोकांनी मागून घेतलं. मैदान आदल्या साली होतं त्याहून खचाखच. नांदी झाली आणि पडदा वर जायच्या आधी मास्तर बाहेर गेले, थेट मधोमध, हात जोडून उभे राहिले. विंगेत भाऊसाहेब "अहो, अहो!" करत राहिले. मी पीठ फासलेल्या तोंडानं पडद्यामागे उभा होतो.

"मंडळी," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा तो वर्ग हलवणारा आवाज त्या दिवशी चिरकला. "गेल्या साली मी तुमाला हितं गुराब दावली. तुमी टाळ्या दिल्या. ती चुकीची हुती. पानी गेल्यावर ती तशी उभी ऱ्हात न्हाई, टेकू लागत्यात. मला म्हाईत नव्हतं. मी सोलापूरचा मानूस, समुद्र बघितलाच नव्हता. यंदा नीट केलंय. पन मी मंडळीला शब्द दिलता, खोटं जहाज आनलं तर मंडळी सोडीन म्हनून. फसवलं तुमाला, तवा तुमीच सांगा, मी ऱ्हाऊ का जाऊ?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना कळलंच नसावं की हा माणूस कशाबद्दल माफी मागतोय. भाऊसाहेबांनी घाबरून पडदा ओढायची खूण केली आणि नाटक सुरू झालं. मास्तर विंगेत आले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तिसरा अंक लागला. समुद्र उतरला. माझं जहाज कलंडलं, मी डोलकाठीला लटकलो. आणि गुराबेवरून आमचे मावळे चिखलात उड्या टाकून खाली आले, खांद्यावर लाकडं घेऊन, आणि त्यांनी "हां! हां!" करत दोन्ही कुशींना टेकू लावले. गुराब किंचित कलली, टेकूवर बसली, स्थिर झाली.

तोफ उडाली नव्हती, कुणी मेलं नव्हतं, कुणी भाषण केलं नव्हतं. आणि बायकांच्या बाजूनं पहिली टाळी आली. मग दुसरी. मग सतरंज्यांवरची गिरणीतली माणसं उभी राहिली, मग गाड्यांवरची, आणि त्या दोन लाकडी टेकूंना अख्खं सोलापूर टाळ्या वाजवायला लागलं. थांबेचना! "मास्तर ऱ्हायले पायजेत!" कुणीतरी ओरडलं, आणि मग चहूकडून तोच गिल्ला, मराठीत, कानडीत, तेलुगूत, ज्याला जसा जमेल तसा. असा माणूस आपल्या गावचा आहे, आपला आहे, या विचारानं माझा ऊर असा भरून आला की मला माझं भान राहिलं नाही. डोलकाठी सोडून, कललेल्या जहाजावर कसाबसा तोल सांभाळत, मीही दोन्ही हातांनी टाळ्या पिटायला लागलो.

मास्तर विंगेतून अर्धे बाहेर आले होते. डोळ्यांतून पाणी, मिशीवर पाणी. लोकांकडे बघून त्यांनी हात जोडले आणि "ऱ्हातो, ऱ्हातो!" म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते माझ्यावर गरजले, "एनप्पा वकील, तू टाळ्या काय वाजवतोस? शत्रू हायस तू! पड की चिखलात!"

मी पडलो.